मुकादमचा सदरा

आम्ही त्याला आजी म्हणायचो. दारातून आत येताना मान वाकवावी लागेल एवढा उंच माणूस, फावड्यासारखे हात, आणि नाव आजी. कारखान्यात ‘आजी आला का?’, ‘आजी कुठे मेला?’ असंच चालायचं. नवा माणूस पहिले काही दिवस एखादी म्हातारी शोधत फिरायचा.

कारण साधं होतं. तो विणायचा.

छताखालून फिरणारी मोठी क्रेन त्याच्याकडे होती. मी खाली खलाशी. ओझ्याला साखळी बांधायची, वरच्याला हाताने इशारे करायचे, ओझं जागेवर बसलं की साखळी सोडायची, हे माझं काम. वरच्या माणसाला खालचं ऐकू येत नाही. तो फक्त हात बघतो. त्याने आयुष्यभर माझ्या हाताकडे बघितलं आणि मी आयुष्यभर त्याच्या ओझ्याजवळ उभा राहिलो. दोघांचीही बोटं शाबूत आहेत. आमच्या मैत्रीबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं नाही.

क्रेनवाल्याच्या कामात थांबणं फार. खाली जुळवाजुळव चालू असते आणि वर नुसतं बसून राहावं लागतं. बाकीचे क्रेनवाले डुलक्या काढत. हा विणायचा. लग्नानंतर लगेचच त्याचा पाय मोडला होता. प्लास्टरमधला पाय पुढे करून घरी बसला आणि नव्या बायकोचं डोकं खाऊ लागला. तिने त्याच्या हातात सुया आणि लोकर दिली. म्हणाली, "हे धरा आणि गप्प बसा." प्लास्टर निघालं, सुया काही सुटल्या नाहीत.

एकदा त्याच्या हातून गुंडा सुटला. पिवळ्या लोकरीचा. वरपासून खालपर्यंत धागा सोडत आला आणि घरंगळत फोरमनच्या बुटाला लागला. फोरमनने वर बघितलं. आम्ही हातातलं काम टाकून बघत राहिलो. आता हा घरी बसणार, असं मी धरूनच चाललो. फोरमनने गुंडा उचलला, धूळ झटकली आणि माझ्या हातात दिला. "वर पाठव. आणि त्या आजीबाईंना सांग, माझ्या नातवाला टोपी हवी आहे." मी गुंडा हुकाला अडकवला आणि वर घ्यायचा इशारा केला. त्या क्रेनने उचललेलं ते सगळ्यात हलकं ओझं. नाव त्या दिवशी पडलं.

निवृत्त झाल्यावर त्याला विणायला सगळा दिवस मोकळा मिळाला. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, पुढे अरुंद गॅलरी. खिडकीपाशी त्याची खुर्ची, खुर्चीखाली लोकरीची टोपली. शेजारच्यांचे मोजे, कुणाच्या बाळाची टोपी, कुणाचा गळपट्टा. काम चोख. मागच्या ओळीत एक घर चुकलेलं दिसलं, की सगळ्या ओळी उसवायचा. वहिनी म्हणायच्या, "अहो, आतल्या बाजूला आहे ते. कोण बघणार?"

"मी बघितलंय ना," तो म्हणायचा.

आणि मांजर. कारखान्यातल्या शेवटच्या दिवसांत साफसफाईच्या चिंध्यांच्या खोक्यात एका मांजरीने पिल्लं घातली होती. त्यातलं एक त्याने डब्याच्या पिशवीतून घरी आणलं. करड्या रंगाची, पांढऱ्या पोटाची. नाव ठेवलं मुकादम. काम काही करायची नाही, पण नजर सगळ्यांवर. वहिनी ओटा पुसत असल्या की ही वर बसून बघणार. मी चप्पल काढत असलो की दारात बसून बघणार. माणसाला उगाच वाटायचं, आपलं काहीतरी चुकतंय.

वहिनींनी पहिल्या दिवशी सांगून टाकलं होतं, "या प्राण्याचं मी काही करणार नाही." आठवड्याभरात माशाचे काटे काढून, बोटांनी चाचपून त्याच तिला भरवत होत्या.

आजी विणायला बसला की मुकादम मांडीवर. मग तो कोपरं उचलून, हात छातीशी धरून विणायचा. दारावर थाप मारली तर आतून आवाज यायचा, "उघडंच आहे, ये. मला उठता येत नाही." झोपलेल्या मुकादमला उठवायचं नाही, हा त्याचा नेम. पायाला मुंग्या येवोत, चहा गार होवो. वहिनी म्हणायच्या, "मी आजारी असते तेव्हा मला हाका मारमारून उठवतात."

मागच्या वर्षी मुकादमच्या पोटाला गाठ आली. आजीच्याच बोटांना लागली. डॉक्टरीणबाईंनी कापून काढली, तपासून घेतली. साधी निघाली. "गाठीची काळजी संपली," त्या म्हणाल्या. "आता टाके सांभाळा. तिला चाटू देऊ नका." पोटावर वरपासून खालपर्यंत लांबलचक जखम. मांजराची जीभ म्हणजे कानसच. गळ्यात घालायला प्लास्टिकचा कर्णा दिला.

मुकादमने कर्ण्याला उत्तर दिलं. ती मागे मागे सरकत पलंगाखाली गेली, भिंतीला टेकली आणि तिथेच राहिली. खाणं नाही, पाणी नाही. कितीही पुढे ठेवा, तोंड फिरवायची. शेवटी दोघांनी मिळून ठरवलं, जेवण्यापुरता कर्णा काढू. काढला. ती जेवली. वहिनी ताटली धुवायला गेल्या, आजी चष्मा शोधायला. तेवढ्यात तिने टाके उघडले.

पुन्हा भूल, पुन्हा टाके. डॉक्टरीणबाई बोलायला मऊ, पण बोलल्या स्पष्ट. "काका, कातडी आधीच ताणली आहे. दोनदा शिवली. तिसऱ्यांदा शिवायला काठ उरणार नाहीत. जखम उघडी राहिली तर मी काही करू शकेन असं सांगत नाही."

घरी येताना मी बरोबर होतो. पेटी आजीच्या मांडीवर. हा माणूस गरम लोखंड आमच्या डोक्यांवरून नेताना कधी घाबरला नाही. तो पेटीच्या जाळीत बोट घालून बसला होता आणि घर येईपर्यंत त्याने ते काढलं नाही.

कर्णा पुन्हा लावला, मुकादम पुन्हा उपाशी. एवढ्या जिवाला उपास परवडणारा नव्हता. म्हणून पाळ्या लावल्या. कर्णा काढून ठेवायचा आणि एकाने तिच्याजवळ बसून राहायचं. पहिली पाळी वहिनींची, दुसरी माझी, रात्रपाळी आजीची. कारखाना सुटल्यावर पुन्हा पाळी करावी लागेल असं वाटलं नव्हतं. काम दिसायला सोपं. मांजर झोपली की बसायचं, मान पोटाकडे वळली की हात मध्ये घालायचा. पण ती झोपते तेव्हा आपल्यालाही झोप येते, आणि उठते ती न सांगता. संध्याकाळी माझे डोळे भरलेल्या पोत्यासारखे जड व्हायचे. मी क्रेनखाली उभा राहिलोय. एवढं दमवणारं काम केलेलं नाही.

"असं किती चालणार?" वहिनी म्हणाल्या. "एखादा जुना बनियन कापून अंगात घालू. पोट झाकलं की झालं."

आजी दुखावला. "घरात विणणारा असताना बनियन?"

"मग विणा."

"विणतोच."

त्याने जवळची सगळ्यात मऊ लोकर काढली. बाळांच्या टोप्यांना वापरायचा ती. सुलट-उलट घालून अशी वीण धरली, की ताणली तर ताणावी, सोडली तर मिटावी. मान, चार पायांना चार भोकं, शेपटीला मोकळी जागा. माझी दुसरी पाळी चालू असताना समोर बसून त्याने ते पुरं केलं. मी हातात घेऊन बघितलं. कुणाच्याही नातवंडाला हेवा वाटेल असं काम होतं.

मुकादमला घातलं. ती जरा उभी राहिली. मग पाठीची कमान केली, पुढे लांब झाली, आणि सदरा पोटावरून सरकून छातीशी गोळा झाला. मागचे पाय मोकळे. दोन उड्या मारून ती गॅलरीत गेली, बसली आणि पोटाकडे वळली. वहिनी सगळ्यांत आधी पोचल्या. खालच्या टोकाचा एक टाका सैल झाला होता. थोडं रक्त.

फोन केला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एकाने बिघडत नाही, बाकीचे धरून आहेत ना? धरून होते. "पण आता आणखी नाही, काका."

"सैल झाला," आजी म्हणाला. बारीक सुया काढल्या आणि पुन्हा बसला. जेवायला उठला नाही. या वेळी घट्ट. बोटं सुजली तरी हात थांबला नाही. मी म्हटलं, जरा दम खा. म्हणाला, "तू मांजरीकडे बघ."

दुसरा सदरा घालायलाच तिघं लागलो. घातला आणि मुकादम आडवी झाली. ठोकळा पडावा तशी, पाय ताठ. वहिनींना हसू फुटलं. मलाही. मग तिचा श्वास भराभर चालताना दिसला आणि हसू गेलं. तोंड उघडं पडलं होतं. उसवायला वेळ नव्हता. आजीने कात्री घेतली. आयुष्यात विणलेल्या कामाला त्याने कधी कात्री लावली नव्हती. मानेपासून शेपटीपर्यंत एका दमात कापलं. मुकादम उठली, अंग झटकलं आणि पलंगाखाली गेली.

आजी कापलेला सदरा हातात घेऊन जमिनीवर बसून राहिला. "नाही रे जमत मला."

त्याच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. मला ते आवडलं नाही.

"एक सैल, एक घट्ट," मी म्हटलं. "माप तेच होतं ना?"

"तेच."

"कधी घेतलंस?"

"दुपारी. झोपली होती तेव्हा."

"उठवली नाहीस?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी निर्दयपणाचं बोललो होतो. "झोपेतून कशाला उठवायची? हलक्या हाताने टेप लावली. कळलंसुद्धा नाही तिला."

वहिनींनी कपाळाला हात लावला. "अहो, झोपते ती गोल वळून! उशीएवढी होते!"

"वेटोळ्याचं माप घेऊन दोर कापलास," मी म्हटलं. "लेका, पडलेल्या ओझ्याचं माप आणि उचललेल्या ओझ्याचं माप एक असतं का? तुला सांगायला हवं?"

त्याने सदरा बाजूला ठेवला. मग म्हणाला, "नाही. ते तुला मला सांगावं लागायला नको होतं." आणि टेप शोधू लागला.

आता तिला लांब करून मोजायचं होतं. उचलायची सोय नव्हती, टाक्यांवर ताण आला असता. ती स्वतःहून लांब व्हायला हवी होती. वहिनींनी मासा उकडला आणि स्वयंपाकघरातलं स्टूल मध्ये ठेवलं. ठरलं असं: वहिनींनी ताटली हातात धरून स्टुलाच्या पलीकडे बसायचं. मुकादम पुढचे पाय स्टुलावर टेकून मान पुढे काढेल. आजीने जमिनीवर आडवं पडून टेप लावायची. आणि बोलायचं कुणी नाही, कारण आवाज झाला की ती मागे वळून बघते.

बोलायचं नाही म्हटल्यावर काम माझ्याकडे आलं.

मी कोपऱ्यात उभा राहिलो, जिथून वहिनींना माझा हात दिसेल. मुकादम वासावर आली. पाय टेकले. मी बोट वर केलं. वहिनींनी ताटली वर घेतली, एकदम, जणू पतंगाला झटका दिला. मी तळवा आडवा धरला: थांबा. मग दोन बोटं हळू हळू: थोडं, अजून थोडं. वहिनींना जमलं. ताटली केसाकेसाने वर जात होती आणि मुकादम तिच्यामागे लांब होत होती. मान निघाली, पाठ निघाली, कुठून निघत होती कोण जाणे. आजी खाली पडून एका डोळ्याने टेप आणि एका डोळ्याने माझा हात बघत होता. सवय जात नाही.

मी मूठ मिटली. ताटली थांबली. त्याने माप घेतलं आणि तोंड उघडंच ठेवलं.

"एवढी?" तो कुजबुजला.

"टेप उलटी धरलीत का बघा," वहिनी म्हणाल्या.

टेप सरळ होती. मुकादम उठल्यावर झोपेतल्यापेक्षा जवळजवळ दुप्पट होती. मासा तिने बसून संपवला आणि आमच्या तिघांकडे आळीपाळीने बघितलं.

तिसरा सदरा सुती दोऱ्याचा. आजीला सुताचा राग. लोकर हाताबरोबर चालते, सूत चालत नाही, प्रत्येक घर ओढून घ्यावं लागतं आणि बोटाला चर पडतो. पण ताणलं तर ताणत नाही, हेच आता हवं होतं. पाठीवर उघडा ठेवला, बांधायला नाड्या. म्हणजे चार पाय भोकांतून ओढाओढी करत घालायला नकोत. अर्धा झाल्यावर त्याने आत बोट फिरवून बघितलं. मग हळूच म्हणाला, "टाक्याची टोकं विणीत अडकतील."

वहिनी भाजी निवडत होत्या. मान वर केली नाही.

"अगं, ऐकलंस का?"

"ऐकलं."

"आतून काहीतरी गुळगुळीत लावायला हवं. पातळ. धुऊन धुऊन मऊ झालेलं."

"असं काय असतं बुवा घरात?" वहिनी म्हणाल्या.

तो काही वेळ विणत राहिला. मग उठला, कपाटातून जुना बनियन काढला आणि त्यांच्यासमोर ठेवला. वहिनींनी भाजी बाजूला सारली, कात्री घेतली आणि पोटाएवढा तुकडा बेतला. मी तोंड उघडणार तेवढ्यात म्हणाल्या, "भावजी, तुम्ही मांजरीकडे बघा."

संध्याकाळी घातला. मुकादम उभी राहिली. चार पावलं चालली, थांबली, पाठीची कमान केली. सदरा जागेवर राहिला. ती पुढे लांब झाली. सदऱ्याच्या चुण्या उलगडल्या, पण तो सरकला नाही. बसली, मान वळवली आणि चाटलं. सुताला. पुन्हा चाटलं. पुन्हा. मग आजीकडे बघितलं, असं, की हे काम कुणाचं आहे मला माहीत आहे. आणि ताटलीकडे गेली.

ती जेवली. पाणी प्यायली. आजीने हाताने तोंड पुसलं. तो घामच होता असं मी म्हणणार नाही.

एवढ्यावर काम संपलं नव्हतं. चाटून चाटून सुताचा पोटाकडचा भाग ओला व्हायचा, आणि ओलं कापड जखमेवर ठेवून चालत नाही. बदलायला दुसरा हवा. त्याने तसाच दुसरा विणला. एक वाळत असताना तिसरा हाताशी हवा म्हणून तोही विणला. वहिनी एकीकडे बनियन कापत होत्या. कपाटातले जुने संपले तेव्हा त्यांनी त्याच्या अंगातल्याकडे बघितलं. तो खुर्ची मागे सरकवून बसला.

पाळ्या आम्ही तरीही सोडल्या नाहीत. पण आता पहारेकरी डुलकी काढू शकत होता, आणि काढायचा.

टाके काढायच्या दिवशी तिघंही गेलो. डॉक्टरीणबाईंनी पेटी उघडली आणि हसल्या. "हे कुणी शिवलं?"

"विणलंय," आजी म्हणाला.

"आतलं शिवलंय," वहिनी म्हणाल्या.

नाड्या सुटल्या. त्यांनी मुकादमला उताणी केली, चष्मा खाली ओढला आणि पोटावरून बोट फिरवलं. खूप वेळ. निदान मला तसं वाटलं. मी आजीच्या हाताकडे बघत होतो. टेबलाची कड त्याने अशी धरली होती, की मला टेबलाची काळजी वाटली.

"जुळलं," त्या म्हणाल्या. "सगळं जुळलं. जो टाका गेला होता तिथेही भरून आलंय." चिमट्याने एकेक टाका काढला. प्रत्येक टाक्याला मुकादमने शेपटी आपटली, पण दात दाखवले नाहीत.

"आता सदरा?" आजीने विचारलं.

"आता काही नको. तिला हवं ते करू द्या."

"चाटली तर?"

"चाटू द्या, काका."

त्याला ते दोनदा सांगावं लागलं.

घरी पेटी जमिनीवर ठेवली आणि दार उघडलं. मुकादम बाहेर आली. खोलीच्या मधोमध, उन्हाच्या पट्ट्यात बसली. मागचा पाय आभाळाकडे उचलला आणि कामाला लागली. पहिल्यांदा पोट. वरपासून खालपर्यंत, जिथे जिथे इतके दिवस पोचू दिलं नव्हतं तिथे. आजीचा हात सवयीने पुढे गेला. मी तो धरला. त्याने सोडवून घेतला नाही.

आम्ही तिघं जमिनीवर बसून बघत होतो. पोट झालं, कुशी झाल्या, शेपटी झाली. इतक्या दिवसांचं राहिलेलं काम. कुठे घाई नाही, कुठे जागा सुटली नाही. आजी पुटपुटला, "चाट बाई, चाट."

वहिनी गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "आता कुणी जेवणार आहे का, की हेच बघत बसायचंय?"

"थांब जरा," तो म्हणाला. "तिचा मागचा पाय राहिलाय."